कोप्याला दारं किती

आमच्या कारापूरच्या घरात स्वयंपाकघराचं काम काढायचं ठरलं, तेव्हा प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. नवऱ्याला छपराच्या वाशांना लागलेली वाळवी दिसत होती. सासऱ्यांचं म्हणणं, आता गॅस आला आहे, तर धुरानं काळ्या झालेल्या भिंती कशाला सांभाळायच्या. माझं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. बाहेरच्या खोलीतल्या कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसलेल्या माणसाला आमचं स्वयंपाकघर थेट दिसत असे. दारासमोर दार, मधे काही नाही. मी डिचोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून संध्याकाळी परत यायची, साडी बदलून नारळ खवायला बसायची, आणि सासऱ्यांकडे आलेली माणसं चहा पीत माझ्याकडे बघत बसायची. त्यांच्या बघण्यात वाईट काही नव्हतं. मी समोर होते एवढंच. तरी मला राग यायचा.

माणसं रोज असत. गोवा राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते आणि भाषेचा वाद अजून गरम होता. सासरे मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. त्यांच्याभोवती त्यांच्याच मताची मंडळी जमायची आणि मराठीवर कसा अन्याय झाला हे सगळेजण तावातावानं कोकणीतून बोलायचे. मी एकदा नवऱ्याला हे दाखवून दिलं, तर तो म्हणाला, तू फक्त चहा दे.

चहा मात्र माझ्या हातात नव्हता. चहा सासूबाईंच्या हातात होता. त्या बाहेरच्या खोलीत कधी बसल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराच्या आत, चौकटीला पाठ लावून, पाटावर बसत. बाहेरचा शब्दन् शब्द तिथं ऐकू यायचा. घरात काही ठरायचं असलं, म्हणजे शेताचा वाटेकरी बदलायचा, कोणाला पैसे द्यायचे, कोणाच्या लग्नाला किती जणांनी जायचं, तर सासरे बाहेर बोलत राहायचे आणि थोड्या वेळानं आतून ताट यायचं. ताटात चहाबरोबर गूळखोबरं घातलेले फोव, म्हणजे पोहे, असले की सासूबाईंचा होकार. नुसती बिस्किटं असली की नकार. बिस्किटं पाहिली की सासरे घसा खाकरून म्हणायचे, बघूया, विचार करून कळवतो. आलेल्या माणसाला वाटायचं, मास्तर फार विचारी गृहस्थ. ही रीत घरात कोणी कधी बोलून दाखवली नव्हती. लग्न होऊन आल्यावर माझी मलाच ती कळली, आणि कळल्यावर मी नवऱ्याला विचारलं तर तो असा काही बघायला लागला की जणू मी देवाच्या खोलीत चपला घालून गेले.

तर त्या स्वयंपाकघरात मला कोपा हवा होता.

कोपा हा शब्द मी म्हापशाहून आणला. माझी आई तिथल्या एका भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरी शिवणकाम करायची, मी तिच्याबरोबर जायची. त्या ख्रिस्ती घरात जेवणाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधे एक लहानशी खोली होती. तिला ते पोर्तुगीज शब्दानं कोपा म्हणत. कपबश्या, काचेची भांडी, लोणच्यांच्या चिनी मातीच्या बरण्या, म्हणजे बुयांवं, साखरेचे डबे, सगळं तिथं. स्वयंपाक आत व्हायचा, कोप्यात ताटं भरली जायची, आणि बाहेर बसलेल्याला दिसायचं ते फक्त भरलेलं ताट. ते कोणी केलं, करताना तिचा पदर कुठं होता, घाम कुठं आला होता, हे कोणाला दिसायचं नाही. लहान असतानाच मला ती खोली पटली होती.

घरात मी वेगळं कारण पुढं केलं. खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ आमच्या बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या आर्मारात, म्हणजे कपाटात, शिरायची आणि पाहुणा आला की आधी कप धुवावे लागायचे. कोप्याला दोन्हीकडे दारं असली तर धूळ आत येणार नाही, असं मी सांगितलं. नवऱ्याला ते पटलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टी धरून त्यानं नकाशा काढला. स्वयंपाकघर मागे सरकवायचं आणि पुढच्या भागात आडवी भिंत घालून कोपा काढायचा. एक दार बाहेरच्या खोलीकडे, एक स्वयंपाकघराकडे, पण समोरासमोर नाही. एक डाव्या कोपऱ्यात, दुसरं उजव्या. मधे कडाप्प्याचा ओटा, हात धुवायला मोरी, वर फळ्या. फळ्यांची रुंदी बुयांवांच्या बुडाप्रमाणे ठेवायची आणि सुक्या मासळीचा डबा काही झालं तरी कोप्यात आणायचा नाही, एवढं मी बजावलं. उकड्या तांदळाची पिंपं खाली, नारळ माळ्यावर. मला तो कागद इतका आवडला की मी तो एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींना दाखवून आणला.

सासूबाईंनी तो पाहिला, बोटानं दोन्ही दारं चाचपली, आणि बरं आहे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, दारांची गरज आहे का, पडदा नाही चालणार? मी म्हटलं, धूळ. मग त्या म्हणाल्या, दोन्ही दारं समोरासमोर ठेवली तर वारा खेळेल. मी म्हटलं, मग सगळं दिसेल. मग म्हणाल्या, कोपा मागच्या बाजूला न्हाणीजवळ काढला तर पाण्याची सोय होईल. त्यावर नवराही हसला. न्हाणीजवळून बाहेरच्या खोलीत चहा न्यायचा म्हणजे घराला प्रदक्षिणा. गवंडी बेळगावकडचा होता, बायको आणि भाऊ घेऊन कामाला आलेला. त्यानं दोरी लावली की सासूबाई येऊन दार थोडं सरकवायला सांगायच्या. शेवटी तो मला म्हणाला, वहिनी, दार कुठं पाहिजे ते घरात एकदा ठरवा की, भिंत मी रोज कशी हलवू?

मला वाटत होतं, म्हातारपणी माणसाला बदल नको असतो, तसं काहीतरी असेल. सासूबाई तशा म्हाताऱ्याही नव्हत्या. मग एका सकाळी त्यांनी भिंतीत खिडकी मागितली. ओट्याच्या उंचीची नव्हे, खाली, पाटावर बसलेल्याच्या कानाच्या उंचीची. खिडकीतून उजेड येतो, हवा येते, पण एवढ्या खाली खिडकी कोण मागतं? तेव्हा मला कळलं. त्यांना ऐकू यायला हवं होतं. दोन दारं, तीही कोपऱ्यांत, आणि मधे खोली. तिथून बाहेरचं एक अक्षरही कानावर पडलं नसतं. मला न दिसणं हवं होतं, आणि त्यांना ऐकणं. दोन्ही एकाच भिंतीत बसत नव्हतं. त्या दाराआड बसून ऐकणं एवढाच त्यांचा घरातला अधिकार होता, आणि माझा कोपा तो काढून घेत होता.

कळलं म्हणून मी माघार घेतली असं नाही. मी म्हटलं, आई, तुमी भायर येऊन बसात मगे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तांदूळ निवडायला घेतले. खिडकीचं घोंगडं भिजत पडलं. भिंत कमरेपर्यंत आली.

त्याच दिवसांत नणंदेचं लग्न ठरायला आलं होतं. नणंद माझ्याहून थोडी लहान, डिचोलीच्या सरकारी कचेरीत टायपिस्ट. मुलगा पेडण्याचा, बाजारात वडिलांचं दुकान. पाहण्याचा कार्यक्रम म्हापशाला एका नातेवाइकाच्या घरी आधीच झाला होता, दोन्हीकडून पसंती होती, आता बाकीचं बोलायला मुलाचे वडील आणि मामा येणार होते. काम संपल्यावर या, असं सासऱ्यांनी कळवायला हवं होतं. पण ते म्हणाले, भिंतींचं काय, माणसांशी बोलायचं आहे.

ते दोघे भर दुपारी आले; मी त्या दिवशी रजा काढली होती. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, तिथून आमच्याकडे, अशा बस बदलत. मागच्या पडवीत तीन दगडांवर चूल मांडून आमचा स्वयंपाक चालला होता. डबे, पिंपं, भांडी, सगळं तिथंच. मधे अर्धी भिंत आणि गवंड्याची ठोकाठोक. पडवीतून बाहेरच्या खोलीतलं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. सासूबाईंनी फाटकातून येणारी ती दोन माणसं पाहिली, उन्हानं लाल झालेले त्यांचे चेहरे पाहिले, आणि म्हणाल्या, हे उपाशी आहेत. त्यांनी भराभर नारळ खवला, गूळ चिरला, फोव कालवले. चहाबरोबर फोवांच्या बश्या, बशीत कुलेरी, म्हणजे चमचे, असं ताट भरून माझ्या हातात दिलं. मी ते घेऊन घराच्या कडेनं पुढं गेले.

मी दारात पोचले तेव्हा मामा बोलत होता. लग्नानंतर मुलीला नोकरी सोडावी लागेल, दुकानात घरचंच माणूस लागतं, आणि पेडण्याहून डिचोलीला रोज जाणं काही जमणारं नाही, असं तो अगदी सभ्यपणे सांगत होता. सासरे ऐकत होते आणि सवयीनं आतल्या दाराकडे बघत होते. तिथं आता कमरेएवढी चिऱ्यांची भिंत होती आणि तिच्यावर गवंड्याची थापी. तेवढ्यात मी ताट ठेवलं. सासऱ्यांनी फोव पाहिले. त्यांचा चेहरा सैल पडला. ते म्हणाले, आमची ना नाही.

टेलिफोन एक्स्चेंजमधे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की जोडून द्यायचं, ऐकायचं नाही. मी मागं गेले आणि सासूबाईंना मामाचं बोलणं आणि सासऱ्यांचं उत्तर, दोन्ही जसंच्या तसं सांगितलं.

त्यांनी हातावरचं खोबरं झटकलं. मला वाटलं बिस्किटांचा डबा शोधतील. त्या उठल्या आणि कडेनं न जाता सरळ कोप्यातून निघाल्या. वाळूच्या ढिगाऱ्यावरून, गवंड्यानं आडव्या टाकलेल्या फळीवरून, जिथं बाहेरचं दार यायचं होतं त्या मोकळ्या जागेतून बाहेरच्या खोलीत गेल्या आणि रिकाम्या कदेलावर बसल्या. पावलांना सिमेंट लागलं होतं. मामा अर्धवट उभा राहिला, परत बसला. ठोकाठोक थांबली.

"फोव भुकेक दिल्ले," सासूबाई म्हणाल्या. "जाप अजून दिवंक ना."

जाप म्हणजे उत्तर. ते त्यांनी लगेच दिलंही. आमची मुलगी नोकरी सोडणार नाही. ती तिला मेहनतीनं मिळाली आहे. तुम्हाला दुकानात माणूस हवं असेल तर पगारी ठेवा. आवाज चढवला नाही, पदर नीट केला नाही, नवऱ्याकडे पाहिलं नाही. मुलाचे वडील बशीतल्या फोवांकडे बघत होते, खावेत की नाही हे त्यांना कळत नव्हतं. सासूबाईंनीच त्यांना खायला सांगितलं. त्यांनी खाल्ले, घरी बोलून कळवतो म्हणाले, आणि बसच्या वेळेला निघून गेले. कळवतो या शब्दाचा अर्थ आमच्या घरात सर्वांना माहीत होता.

सासरे माझ्या नवऱ्याला म्हणाले, पण ताटात फोव होते. ते खोटं नव्हतं. मला त्यांची दया आली. इतकी वर्षं ज्या खुणेवर ते घर चालवत होते ती एका दुपारी उलटी पडली होती.

सासूबाई मात्र खुशीत होत्या. संध्याकाळी नणंद बसमधून उतरून आली, पाय धुतले, आणि पडवीत येऊन बसली, तेव्हा त्यांनीच तिला सगळं सांगितलं, काही भाग दोनदा. तुझी नोकरी मी राखली, असं म्हणाल्या. नणंदेनं ऐकून घेतलं. ती रडली असती तर मला समजलं असतं. ती अगदी साध्या आवाजात बोलली.

"माका कोणें विचारलें?"

सासूबाईंना प्रश्न कळला नाही. त्या म्हणाल्या, विचारायचं काय, नोकरी सोडायला सांगत होते.

"तुका तो जाय आशिल्लो?" सासूबाईंनी विचारलं. जाय म्हणजे हवा.

"जाय आशिल्लो. आनी नोकरीय जाय आशिल्ली."

मग हळूहळू कळलं ते असं. पेडण्याच्या कचेरीत टायपिस्टची जागा रिकामी होणार होती. बदलीसाठी नणंदेनं साहेबांशी बोलून ठेवलं होतं, आणि साहेब हो म्हणाले होते. म्हापशाला मुलाशी बोलताना तिनं हे त्याच्याही कानावर घातलं होतं, आणि त्याला ते आवडलं होतं; पण त्याच्या घरात त्यालाही कोणी विचारलं नसावं. दुकानापासून कचेरी चालत जाण्याइतकी जवळ. हे सगळं तिच्याकडे तयार होतं. ती वाट बघत होती, कोणीतरी विचारेल आणि मग सांगू. बाहेर वडील बोलले, आतून आई बोलली, आणि ज्या माणसाचं लग्न तो माणूस डिचोलीत टाइप करत बसला होता.

सासूबाई चुलीतली राख काठीनं सारखी करत राहिल्या. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर राहिले, पण त्यांचा चेहरा असा उतरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. दाराआड बसणाऱ्या बाईला दाराआड ठेवलेलं माणूस ओळखू यायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं असेल. त्या तसं बोलल्या नाहीत. मला तरी तसं वाटलं.

सकाळी गवंड्यानं पुन्हा दाराचं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, सुनेनं सांगितलंय तिथंच घाल, दोन्ही. खिडकी? खिडकी नको. माझा कोपा कॅलेंडरच्या पाठीवर होता तसाच झाला, डाव्या कोपऱ्यात एक दार, उजव्या कोपऱ्यात एक. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. फळ्यांची रुंदी बुयांवांना बरोबर बसली.

पण रंग लागायच्या आधीच सासूबाईंनी पेडण्याला जायचं काढलं. सासरे म्हणाले, मुलीकडच्यांनी असं पुन्हा विचारायला जायची पद्धत नाही, आणि बायकांनी तर नाहीच, लोक हसतील. त्या म्हणाल्या, हांसूं दी. त्या, नणंद आणि मी अशा तिघी गेलो. सासरे आम्हाला बसपर्यंत पोचवायला आले आणि बस येईपर्यंत समोरच्या फलकावरच्या भाषेबद्दल बोलत राहिले.

मुलाचं घर बाजाराच्या मागच्या बाजूला होतं. त्याच्या वडिलांनी आम्हाला बसवलं आणि मामाला बोलावणं धाडलं. मुलगा दुकानातून आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. कोणाला कुठून सुरुवात करावी ते समजेना. स्वयंपाकघराच्या दाराला छापील पडदा होता, आणि पडद्याच्या खाली दोन पावलं दिसत होती, जोडव्यांची, अजिबात न हलणारी. मुलाची आई म्हापशाला आली नव्हती, आमच्याकडेही आली नव्हती. आतून चहाचं ताट आलं, मुलाच्या बहिणीच्या हातून. सासूबाईंनी ताटाकडे निरखून पाहिलं. चकल्या होत्या. या घरात चकल्यांचा अर्थ काय होतो, काही होतो की नाही, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

मामा आला आणि बोलायला लागला. सासूबाईंनी त्याला हातानं थांबवलं आणि पडद्याकडे तोंड करून बोलल्या.

"वयनी, तुमी भायर येयात. भितरल्यान आयकलें तें पुरो."

पावलं तशीच राहिली. मुलाच्या वडिलांनी मामाकडे पाहिलं, मामानं छताकडे. मग पडदा बाजूला झाला आणि हात पुसत एक बाई बाहेर आली. गोरी, बारीक, कपाळावर पिठाचा डाग. कुठं बसायचं ते तिला स्वतःच्या घरात ठाऊक नव्हतं. मुलानं कदेल ओढून दिलं.

ती बसली. सासूबाई काही विचारणार, तोच ती नणंदेकडे वळली. पेडण्याची बोली, आमच्याहून थोडी वेगळी, मालवणीकडे झुकणारी.

"तुका काय होया गो?"

नणंदेनं आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि सांगायला लागली, आणि तिचं संपेपर्यंत मधे कोणी बोललं नाही.